पाटीला चौकट, टॅबला काच



या आठवड्यात आमच्यापुढे मानवतहून आलेले एका भगिनीचे पत्र आहे. घरधनी जिनिंगमध्ये हमाली करतात, त्या स्वतः हंगामात कापूस वेचायला जातात. मोठी मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिच्या अभ्यासासाठी या उन्हाळ्यात हप्त्याने एक टॅब घेतला. हप्ते अजून सात महिने चालायचे आहेत. दुकानदाराने त्याच वेळी सांगितले, की वरून काच बसवून घ्या. साधी साडेचारशेला, निळा प्रकाश अडवणारी सातशेला, आणि नुसती फिल्म दीडशेला. बाईंच्या हाती तेव्हा तेवढे पैसे नव्हते. म्हणून टॅब तसाच घरी आला, लुगड्याच्या घडीत गुंडाळून पेटीत गेला, आणि आता मुलीला तो दिवसातून एक तास, तोही आईच्या देखत, हाताळायला मिळतो. "काच खरंच लागते का, की ही दुकानदाराची लुबाडणूक आहे? आणि घेतली तर घरी बसवता येते का?" असे त्यांनी विचारले आहे.

पत्र वाचून आम्हांला पहिल्यांदा काळजी वाटली ती त्या एका तासाची. वस्तू फुटेल या धास्तीने ती पेटीत ठेवायची आणि हप्ते मात्र दर महिन्याला भरायचे, हा तोट्याचा व्यवहार आहे. तेव्हा उत्तर आधीच देतो: काच घ्या, साधीच घ्या, त्याआधी एक चांगले कव्हर घ्या, आणि टॅब पेटीतून बाहेर काढा. आता हे असे का, ते सविस्तर सांगतो; कारण असाच टॅब पुष्कळ घरांत आहे, आणि दुकानातली भाषा ऐकून माणूस गोंधळून जातो.

आपल्या आई-वडिलांच्या पिढीने दगडी पाटी वापरली. ती हातातून पडली की दोन तुकडे व्हायचे आणि घरी बोलणी बसायची. म्हणून पाटीला लाकडी चौकट असे. पाटी पडली तर मार आधी चौकटीने खायचा, दगडाने नाही. टॅबचेही तसेच आहे. तो बहुतेक वेळा पडतो तो कोपऱ्यावर. कोपऱ्यावर बसलेला दणका सरळ आतल्या काचेत जातो, आणि वरून चिकटवलेली पातळ काच त्याला फारशी अडवू शकत नाही. तिथे कामाला येते ते कव्हर. कोपरे जाड आणि रबरी असलेले, ज्याची कड पडद्यापेक्षा किंचित उंच आहे असे. म्हणून हाती पैसे थोडे असतील तर आधी कव्हर आणि पुढच्या पगाराला काच. दुकानदार बहुधा उलट सांगतो.

मग काचेचे काम काय? टॅब पालथा पडला आणि खाली खडा असला, तर तो दणका वरच्या काचेवर येतो. ती फुटते आणि खालची बऱ्याचदा वाचते. दुसरे काम ओरखड्यांचे. मानवत हा कापसाचा आणि जिनिंगचा गाव. दिवाळीपासून पुढे कापसाच्या गाड्या सुरू झाल्या, की रस्त्याची धूळ घरात, अंथरुणात, वह्यांत सगळीकडे बसते. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. आपल्याला सवय अशी, की पडदा मळला की पदराने पुसायचा. पदरावर बसलेले वाळूचे कण मग काचेवरून घासले जातात. असे चार-सहा महिने झाले, की उजेडात धरल्यावर पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात. त्या रेघा वरच्या काचेवर पडलेल्या बऱ्या. ती काही शे रुपयांत बदलता येते. टॅबचा मूळ पडदा बदलायचा तर खर्च कित्येकदा टॅबच्या किमतीच्या निम्म्याकडे जातो, आणि स्वस्त टॅबचा पडदा परभणीच्या बाजारातही वेळेवर मिळेल याची खात्री नसते. मुलीची परीक्षा तोंडावर असताना पंधरा दिवस टॅब दुरुस्तीत अडकला, तर ते नुकसान पैशांत मोजता येत नाही.

आता 'नऊ एच' या शब्दाविषयी. प्रत्येक पाकिटावर तो असतो, आणि दुकानदार सांगतो, की हिऱ्याच्या खालोखाल कडक. हा घोटाळा आहे. कडकपणा मोजायच्या दोन वेगळ्या रीती आहेत. एक खनिजांची, मोस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाची. तिच्यात हिरा १० वर, वाळूतला गारगोटीचा कण ७ वर, आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. दुसरी रीत पेन्सिलीची. चित्रकलेच्या पेन्सिली मऊ-कडक अशा क्रमाने येतात, त्यांतली अगदी कडक ती नऊ एच. त्या पेन्सिलीने ओढूनही रेघ उठली नाही, तर त्या थराला नऊ एच म्हणायचे. पाकिटावरचा नऊ हा पेन्सिलीचा नऊ आहे, हिऱ्याजवळचा नाही. म्हणूनच चावी, सुरी ओढून दाखवली तरी काचेला काही होत नाही. लोखंड तिच्यापेक्षा मऊच पडते. पण रस्त्यावरची चिमूटभर वाळू तिच्यावर ओरखडा काढते. दुकानदार चावी ओढून दाखवतो, वाळू कधीच घासून दाखवत नाही!

तरीही ही काच साध्या खिडकीच्या काचेपेक्षा मजबूत असते, हे खरे. तिला टेम्पर्ड ग्लास म्हणतात. पातळ काच पोटॅशियमच्या क्षाराच्या तापलेल्या रसात, सुमारे चारशे अंशांवर, बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे लहान कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसतात. एस. टी.च्या दोघांच्या बाकावर तिघे बसले, की जसे सगळे घट्ट आवळले जातात, तसा काचेचा वरचा थर आवळला जातो, आणि तडा सहज पुढे सरकत नाही. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीची 'गोरिला ग्लास' याच तऱ्हेची आहे. २००७ साली ॲपलच्या पहिल्या आयफोनवर ती आली आणि पुढे फोन-टॅबच्या पडद्यांवर सगळीकडे पसरली. म्हणजे तुमच्या टॅबचा मूळ पडदाही बहुधा अशाच काचेचा आहे. वरची काच ही त्याची ढाल, साधारण पाव ते एक-तृतीयांश मिलिमीटरच्या मधली; तिच्यावर जास्त जाडीसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

फिल्म म्हणजे प्लास्टिकचा पातळ कागद. ती फुटत नाही, स्वस्त असते, ओरखडे स्वतःवर घेते. पण दणक्यात तिचा उपयोग नाही. फक्त एका बाबतीत आम्ही फिल्म घ्या म्हणू. मुलगी टॅबवर पेनाने गणिते सोडवत असेल, तर खरखरीत, म्हणजे मॅट फिल्मवर पेन कागदासारखे चालते, सटकत नाही, आणि पत्र्याच्या दारातून येणाऱ्या उन्हाची चमकही मोडते. मात्र अक्षर किंचित रवाळ दिसते आणि पेनाचे टोक लवकर झिजते.

'प्रायव्हसी' काच तर आपल्या घरात मुळीच आणू नये. तिच्यातून समोर बसलेल्यालाच दिसते, शेजारच्याला काळे दिसते. शहरातल्या साहेबांना लोकलमध्ये ती कामाची असेल. आपल्याकडे एका टॅबभोवती तीन मुले बसतात. मधल्याला गणित दिसायचे आणि कडेच्या दोघांनी काय करायचे? शिवाय तिने पडदा मंद होतो, उजेड वाढवावा लागतो आणि चार्जिंग लवकर उतरते.

सातशेच्या निळ्या काचेचे काय? पडद्याच्या निळ्या उजेडाने डोळे जातात, अशी भीती घालून ती विकली जाते. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर जगभर जे प्रयोग झाले, त्यांतल्या सतरा प्रयोगांची छाननी कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केली. अशा चष्म्याने डोळ्यांचा शीण निदान थोड्या मुदतीत तरी कमी होतो, असे त्यांना आढळले नाही. चष्म्याने जे होत नाही, ते काचेने होईल असे मानून अडीचशे रुपये जास्त का द्यावेत? डोळे शिणतात ते एकटक बघून, पापणी कमी लवून आणि अंधारात टॅब नाकाशी धरून. दर वीस मिनिटांनी मान वर करून वीस सेकंद दाराबाहेर लांब बघायला सांगा, आणि खोलीत दिवा लावा. रात्री पडदा पिवळसर करायची सोय टॅबच्या सेटिंगमध्येच फुकट असते. डोके दुखतच असेल, तर सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या. नंबर लागला असेल, तर कोणतीही काच लावून तो जायचा नाही.

काच घेताना सर्वांत जास्त चूक होते ती मापात. नुसते "दहा इंची टॅबची द्या" म्हणून चालत नाही. लिनोव्होच्या 'एम १०' या एकाच नावाखाली १०.१, १०.३ आणि १०.६ इंचांचे वेगवेगळे टॅब निघाले आहेत. सॅमसंगचा 'ए ८' साडेदहा इंची, 'ए ९' पावणेनऊ इंचांच्या आत आणि 'ए ९ प्लस' अकरा इंची. तेव्हा टॅबच्या खोक्यावरचा किंवा सेटिंगमधल्या 'अबाउट' या पानावरचा मॉडेल नंबर कागदावर लिहून घेऊन जा, आणि शक्य तर टॅबच सोबत न्या. काच कव्हर घालून लावून बघा. कव्हरची कड काचेवर चढत असेल, तर ती काच महिन्याभरात कोपऱ्यातून उचलली जाते. समोरच्या कॅमेऱ्याच्या जागी भोक किंवा खाच बरोबर येते का, हेही पाहा. रसायन ओतून दिव्याखाली वाळवायची एक काच निघाली आहे. ती वाकड्या कडांच्या फोनसाठी. टॅबला तिची गरज नाही, आणि ते रसायन स्पीकरच्या जाळीत उतरले तर दुरुस्ती गळ्यात पडते.

आता बसवण्याचे. फोनची काच कोणीही बसवतो. टॅबची मोठी असल्यामुळे कस लागतो. पण घरी सहज जमते, दोन माणसे हवीत. यात खरा शत्रू एकच, धूळ. आणि मानवतमध्ये हंगामात धुळीबरोबर रुईचे तंतूही उडत असतात. म्हणून जिनिंगवरून नुकत्याच आलेल्या माणसाने या कामाला हात लावू नये. त्यांच्या सदऱ्यावर, केसांत रुई असते. त्यांनी अंघोळ करावी. त्यांच्या अंघोळीनंतरची न्हाणी हीच खरे तर काच बसवायची उत्तम जागा, कारण गरम पाण्याच्या वाफेने हवेतली धूळ खाली बसलेली असते. न्हाणीला दार-छप्पर नसेल, तर खोलीत पाणी शिंपडून फरशी पुसून घ्या, दार लावा, पंखा बंद करा आणि दहा मिनिटे थांबा. झाडू मारू नका, त्याने उलट धूळ उठते. पावसाळ्यातली संध्याकाळ मिळाली तर सोन्याहून पिवळे.

टॅब बंद करा, कव्हर काढा. हात साबणाने कोपरापर्यंत धुवा. केसांना तेल लावले असेल तर त्यानंतर डोक्याला हात नको. पाकिटात बहुधा एक ओला कागद, एक मऊ कोरडे फडके आणि धूळ उचलायची चिकटपट्टी असते. बंद पडद्यावर दिव्याचा उजेड तिरका पाडा; काळ्या काचेवर प्रत्येक कण चांदणीसारखा दिसतो. आधी ओला कागद फिरवा, तेलकट बोटे निघेपर्यंत. मग कोरडे फडके. राहिलेला एकेक कण चिकटपट्टीने टिपा. खिडक्यांच्या काचा पुसायचे अमोनियाचे पाणी, रॉकेल, फिनेल यांतले काहीही वापरू नका. पडद्यावर तेल न धरणारा एक अदृश्य थर असतो, तो त्याने जातो.

यानंतर घाई करू नका. काचेच्या पाठीवरचा कागद न काढता ती आधी पडद्यावर ठेवून बघा. कॅमेऱ्याचे भोक, चारही कडा सारख्या झाल्या, की लांब बाजूला दोन ठिकाणी सेलोटेपच्या पट्ट्या लावा. अर्धी पट्टी काचेवर, अर्धी टॅबच्या पाठीवर. या झाल्या दाराच्या बिजागऱ्या. आता काच दारासारखी उघडा, ती जागा सोडत नाही. दुसऱ्या माणसाने ती उभी धरावी. पाठीचा कागद सोलून काढा, चिकट बाजूला बोट लावू नका, पडद्यावर चिकटपट्टी एकदा शेवटची फिरवा, आणि दार हळूच लावा. मध्यभागी एका बोटाने दाबा. चिकटा मधूनच कडांकडे आपोआप पसरत जातो. ते बघायला मुलांना गंमत वाटते, बघू द्या, फक्त लांबून.

बुडबुडे राहिले, तर जुन्या रेशनकार्डाच्या प्लास्टिक पाकिटासारखे काहीतरी मऊ फडक्यात गुंडाळून मधून कडेकडे सारा. नुसत्या हवेचे बारीक बुडबुडे एक-दोन दिवसांत बसतात. पण ज्या बुडबुड्याच्या पोटात ठिपका दिसतो, तो धुळीचा. तो कितीही दाबला तरी जाणार नाही. दाबत बसू नका, काच तडकेल. त्या बाजूचा कोपरा सेलोटेपने अलगद उचला, दुसऱ्या सेलोटेपने तो कण टिपा आणि काच पुन्हा खाली सोडा. दुकानात बसवून घेतलीत, तरी एवढे तिथेच उभे राहून तपासा. रस्त्याच्या कडेच्या टपरीवर ट्रकच्या धुरळ्यात बसवलेल्या काचेत ठिपके राहतातच.

काही ताई विचारतात, वरून काच लावल्यावर बोटाचा स्पर्श आत कळतो कसा? २०११ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा सात इंची स्वस्त टॅब आणला होता, तो काहींना आठवत असेल. त्याचा पडदा दाबावा लागे; दोन थर एकमेकांना टेकले तरच त्याला कळे. आजचे पडदे दाब ओळखत नाहीत. त्यांच्यावर सूक्ष्म वीजभार असतो, आणि आपले बोट जवळ आले की त्यात फरक पडतो. तो फरक पातळ काचेतून आरपार जातो. काच लावल्यावर स्पर्श मंद वाटला, तर काही टॅबच्या सेटिंगमध्ये स्पर्श तीव्र करण्याची सोय असते. कडेला पोकळी राहिली असेल, तर मात्र तिथे स्पर्श अडखळतो.

टॅब आता कोण्या एका घरापुरता राहिलेला नाही. मुंबई महापालिकेने २०१५ साली आठवीच्या मुलांच्या हातात टॅब दिले. 'महाज्योती' संस्थेने इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त समाजांतील विद्यार्थ्यांना इंजिनिअरिंग-मेडिकलच्या तयारीसाठी टॅब आणि इंटरनेट दिले. बालभारतीची पुस्तके टॅबवर फुकट उतरवून घेता येतात. ज्यांना योजनेतून मिळाला, त्यांनीही कव्हर-काच लावून घ्यावी. फुकट आलेल्या वस्तूच्या दुरुस्तीला पैसे मात्र आपलेच लागतात. विहाराच्या अभ्यासिकेत चार मुलांत एक टॅब फिरत असेल, तर तिथल्या मंडळींनी ही काच वर्गणीतून बसवावी, असे आम्ही सुचवतो.

रोजच्या वापरातले दोन-तीन शब्द. टॅब उशीखाली ठेवू नये. कोणी झोपेत त्यावर वळले की तो वाकतो, आणि वाकलेल्या टॅबला कोणतीच काच वाचवत नाही. दप्तरात डबा आणि टॅब एका कप्प्यात नको. चार्जिंगला लावून उंच फळीवर ठेवला, की लहान मूल खालून वायर ओढते. चार्जिंग जमिनीवरच करा. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी तो तापतो, तेव्हा माठाच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत ठेवा, पण माठाला टेकवून नको.

दुकानदाराकडून पक्के बिल घ्या, टॅबचेही आणि काचेचेही. मॉडेल चुकीचे दिले किंवा आठ दिवसांत काच सुटून आली, तर बिलावर बोलता येते. ऐकलेच नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही, आणि वकील केलाच पाहिजे असेही नाही. साडेचारशेच्या काचेसाठी परभणीपर्यंत कोणी जाणार नाही, हे आम्हांला माहीत आहे. पण बारा हजारांच्या टॅबसाठी जावे लागले, तर हातात कागद असावा.

वरची काच कधीतरी फुटेल. फुटलेली काच तशीच वापरू नका. तिचे बारीक कण बोटात जातात आणि लहान मुले बोट तोंडात घालतात. आधी तिच्यावर सगळीकडून सेलोटेप चिकटवा, म्हणजे तुकडे एकमेकांना धरून राहतील. मग एका कोपऱ्याखाली शिवणाचा जाड दोरा सरकवून तो हळूहळू पुढे ओढत न्या. काच पापडासारखी सुटत येते. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. निघालेली काच चार पदरी पेपरात गुंडाळा, दोऱ्याने बांधा, वर पेनाने 'काच' असे ठळक लिहा, आणि नगरपालिकेची घंटागाडी आली की ओल्या कचऱ्यात न टाकता ती पुडी वेगळी हातात द्या. कचरा हाताने वेगळा करणारे आपलेच भाऊबंद असतात, आणि त्यांच्या हातात मोजे असतीलच असे नाही.